घरपोच खरेदी : पत्त्याचा पिन आणि पैशाचा पिन

आपल्या घराघरांतून आज पुस्तके, कपडे, गणवेश, औषधे, मोबाईल असे कितीतरी सामान फोनवरून मागवले जाते. ही सोय निःसंशय चांगली आहे. दिवसभर नोकरी करणाऱ्या भगिनींचा वेळ वाचतो, आणि गल्लीतल्या दुकानात न मिळणारे स्पर्धा परीक्षेचे पुस्तक विद्यार्थ्याला घरी बसून मिळते. परंतु "पैसे गेले, वस्तू आली नाही" आणि "पार्सल दारापर्यंत न येताच परत गेले" या दोन तक्रारी सभासदांकडून आम्हाला वारंवार ऐकू येतात. परीक्षा पंधरा दिवसांवर आली असताना पुस्तक परत जाणे, किंवा निवृत्तिवेतनातून बाजूला ठेवलेली रक्कम एका फोनमुळे जाणे, ही आपल्यासारख्या कुटुंबांना परवडणारी गोष्ट नाही. या तक्रारी का उद्भवतात आणि त्या कशा टाळाव्यात, हे सोप्या शब्दांत सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

पूर्वी आणि आता

वडीलधाऱ्यांना व्ही.पी.ची पद्धत आठवत असेल. भारतीय डाक खात्याने ती १८७७ साली सुरू केली. पुस्तक मागवले की पोस्टमन ते घेऊन येई, आपण पैसे मोजून व्ही.पी. सोडवून घेत असू, आणि ते पैसे पोस्टामार्फत प्रकाशकाला पोहोचत. वस्तू, पैसा आणि पत्ता ही तिन्ही एकाच माणसाच्या हाती असत. तो माणूसही गल्लीतला ओळखीचा. खोलीचा क्रमांक चुकला तरी आडनावावरून तो घर शोधून काढी.

आज या तिन्ही गोष्टींची फारकत झाली आहे. वस्तू भिवंडीच्या किंवा परराज्यातल्या गोदामात असते. पैसा बँकेमार्फत जातो. पत्ता आपण फोनवर स्वतः भरतो आणि पार्सल आणणारा मुलगा आपल्या वस्तीत कदाचित पहिल्यांदाच आलेला असतो. तिघांना जोडणारा ओळखीचा माणूस राहिलेला नाही. त्याच्या जागी फक्त नोंद आहे. ती बरोबर असेल तर वस्तू येते आणि काही बिनसलेच तर दाद मागता येते. नोंद चुकीची असेल, किंवा मुळातच नसेल, तर दोन्ही कठीण होते. पुढे जे सांगितले आहे त्या सर्वांचे सार एवढेच आहे.

पिनकोडची सहा अक्षरे नव्हेत, सहा अंक

पत्त्यातील सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे पिनकोड. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली आणि ती आखणारे अधिकारी होते श्रीराम भिकाजी वेलणकर. केंद्रीय दळणवळण मंत्रालयात काम करणारा हा मराठी माणूस संस्कृतमधील कवीही होता. एकाच नावाची अनेक गावे आणि निरनिराळ्या भाषा व लिपींत लिहिलेले पत्ते, यांतून पत्र योग्य जागी जावे म्हणून ही योजना झाली.

आपल्या माहीमचा पिनकोड ४०००१६. पहिला ४ हा महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश व छत्तीसगड या विभागाचा. पहिले तीन अंक मिळून, म्हणजे ४००, ही मुंबई. शेवटचे ०१६ हे पत्र वाटणाऱ्या पोस्टाचे. जुनी माणसे अजून "मुंबई-१६" असे लिहितात, तोच हा सोळा. पण आजच्या फॉर्ममध्ये नुसता १६ चालत नाही, सहाही अंक लागतात. शेजारच्या धारावीचा ४०००१७, दादर पश्चिमेचा ४०००२८, दादर पूर्वेचा ४०००१४, माटुंग्याचा ४०००१९. माटुंगा पश्चिमेचा बराचसा भाग मात्र ४०००१६ मध्येच येतो. हद्दीवर राहणाऱ्यांनी अंदाजाने लिहू नये. बँकेच्या किंवा विजेच्या कागदावरील पिनकोड पाहावा आणि शंका असल्यास पोस्टात विचारावे.

एवढा आग्रह कशासाठी, असे कोणी विचारील. विक्रेत्याचे यंत्र प्रथम पिनकोड वाचते आणि त्यावरून पार्सल कोणत्या केंद्रात पाठवायचे ते ठरवते. गावाचे नाव नंतर येते. माहीम नावाची गावेही दोन आहेत. एक आपले, दुसरे पालघर जिल्ह्यातील केळवे-माहीम, ज्या भागाचे पिनकोड ४०१ ने सुरू होतात. तीच गत नायगावची. एक दादरचे, एक वसईजवळचे. ४०० च्या जागी ४०१ पडले तर पार्सल खाडी ओलांडून भलतीकडे जाते आणि "पत्ता सापडला नाही" असा शेरा घेऊन परत फिरते.

चाळ, इमारत आणि पुनर्विकास

आपल्या भागातील पत्त्यांची दुसरी अडचण चाळींची आहे. बीडीडी चाळींचे उदाहरण घ्यावे. त्या १९२० च्या दशकात बांधल्या गेल्या : वरळीत १२१, नायगावात ४२, ना. म. जोशी मार्गावर ३२ आणि शिवडीत १२. म्हणजे "बीडीडी चाळ क्रमांक १०" एवढाच पत्ता लिहिला तर तो मुंबईत चार ठिकाणी लागू पडत होता. आपल्या माहीममध्येही एकाच नावाच्या सोसायट्या आणि एकाच क्रमांकाच्या इमारती कमी नाहीत.

रस्त्यांच्या नावांचेही तसेच. तुळशी पाईप रोड म्हणजेच सेनापती बापट मार्ग, कॅडल रोड म्हणजेच वीर सावरकर मार्ग, एल. जे. रोड म्हणजेच लेडी जमशेदजी मार्ग, हे आपल्याला ठाऊक असते, नवख्या माणसाला नसते. एक कोणतेही नाव कायम ठरवावे आणि प्रत्येक वेळी तेच लिहावे. पत्ता लहानापासून मोठ्याकडे असा लिहावा. नमुन्यादाखल :

खोली क्र. १२, दुसरा मजला, इमारत क्र. ३, (सोसायटीचे पूर्ण नाव), मोरी रोड, (जवळची ठळक खूण), माहीम (पश्चिम), मुंबई ४०००१६.

खूण लिहिताना शाळा, चर्च, दवाखाना, पोस्ट अशी न हलणारी जागा सांगावी. "वडापावच्या गाडीसमोर" ही खूण दुपारी असते आणि सकाळी नसते! पूर्व की पश्चिम हे लिहायला विसरू नये. रेल्वेचा रूळ मध्ये आला की पायी माणसाचा अर्धा तास जातो.

पुनर्विकासामुळे आणखी एक प्रश्न उभा राहिला आहे. घर पाडले जाते, कुटुंब संक्रमण शिबिरात किंवा भाड्याच्या खोलीत जाते आणि काही वर्षांनी नव्या इमारतीत परतते. वरळीच्या पुनर्विकसित इमारतींतील ५५६ घरांच्या चाव्या ऑगस्ट २०२५ मध्ये रहिवाशांना मिळाल्या. अशा प्रत्येक स्थलांतरात फोनमधील जुना पत्ता तसाच राहतो आणि घाईत मागवलेली वस्तू पाडलेल्या चाळीच्या पत्त्यावर निघते. म्हणून घर बदलले की सामान लावण्याआधी जुना पत्ता काढून टाकावा. नुसता नवा जोडून ठेवू नये, कारण यंत्र बहुधा आधीचाच पत्ता पुढे करते. एकदा पार्सल गोदामातून निघाले की पत्ता बदलणे बहुतेक वेळा शक्य नसते. त्या वेळी ऑर्डर रद्द करून नव्याने मागवणे सोयीचे.

डाक खात्याने मे २०२५ मध्ये डिजिपिन नावाची नवी पद्धत आणली आहे. तीत देशातील प्रत्येक सुमारे चार मीटर लांबीरुंदीच्या चौकोनाला दहा अक्षर-अंकांचा संकेत मिळतो. जागा नेमकी कळण्यास तिची मदत होईल. परंतु त्यातून मजला आणि खोली कळत नाही. सबब चाळीत आणि उंच इमारतीत राहणाऱ्यांना पूर्ण पत्ता लिहिणे चुकणार नाही.

राहिला प्रश्न फोनचा आणि वेळेचा. जो त्या वेळी घरी असेल त्याचा फोन नंबर द्यावा. कामावर फोन उचलता येत नसेल तर शेजाऱ्यांना किंवा दुकानदाराला आधी सांगून त्यांचा नंबर द्यावा. महापरिनिर्वाण दिनाच्या सुमारास शिवाजी पार्क व चैत्यभूमीच्या परिसरात वाहतुकीवर निर्बंध असतात. त्या दिवसांत येईल अशी मागणी नोंदवू नये. शिवाय विद्यार्थ्यांनी हेही ध्यानात ठेवावे की त्याच दिवसांत शिवाजी पार्कवर पुस्तकांची शेकडो दुकाने लागतात. तेथे पुस्तक हातात घेऊन, पाहून विकत घेता येते.

पैसे देण्याचे मार्ग

पैसे देण्याचे मुख्य मार्ग तीन : वस्तू आल्यावर रोख, कार्ड आणि यूपीआय.

रोखीचा मार्ग व्ही.पी.च्या सर्वांत जवळचा आहे. नवख्या विक्रेत्याकडून घेताना तो बरा. मात्र न मागवलेले पार्सल आणून पैसे मागण्याचे प्रकारही होतात. घरातील आजी-आजोबांना स्पष्ट सांगून ठेवावे की घरातल्या कोणी मागवल्याची खात्री झाल्याशिवाय पैसे देऊ नयेत. "तुमच्या मुलाने मागवले आहे" या शब्दावर विसंबू नये, मुलाला फोन करावा.

कार्डाबाबत दोन गोष्टी माहीत हव्यात. २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार नवे कार्ड ऑनलाइन वापरासाठी बंद स्थितीत मिळते. आपण ते बँकेच्या अॅपमधून किंवा शाखेतून सुरू करून घ्यावे लागते. "माझे कार्ड चालत नाही" या तक्रारीचे हे एक नेहमीचे कारण आहे. मर्यादाही आपणच ठरवू शकतो, ती गरजेपुरतीच ठेवावी. दुसरे, १ ऑक्टोबर २०२२ पासून विक्रेत्याला आपल्या कार्डाचा पूर्ण क्रमांक स्वतःजवळ साठवून ठेवता येत नाही. त्याऐवजी एक पर्यायी संकेत वापरला जातो. तेव्हा कोणी व्हॉट्सअॅपवर कार्डाचा फोटो मागत असेल तर तो व्यवहार तेथेच थांबवावा.

यूपीआय ही पद्धत २०१६ साली सुरू झाली. ती चालवणाऱ्या राष्ट्रीय पेमेंट महामंडळाचे कार्यालय आपल्या खाडीपलीकडे, वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. तिचा पहिला नियम असा, की यूपीआय पिन लागतो तो पैसे देताना. पैसे घेताना तो कधीही लागत नाही. "परतावा मिळवण्यासाठी पिन टाका" असे जो सांगतो तो पैसे काढूनच घेत असतो.

पिनकोड आणि यूपीआय पिन या दोहोंना आपण बोलताना "पिन" म्हणतो, आणि घोटाळा तेथूनच सुरू होतो. पत्त्याचा पिन सर्वांना सांगावा, पैशाचा पिन कोणालाही सांगू नये. हे एक वाक्य घरातल्या प्रत्येकाला पाठ असावे.

दुसरा नियम नाव पाहण्याचा. ३० जून २०२५ पासून यूपीआय अॅपमध्ये पैसे पाठवण्यापूर्वी घेणाऱ्याचे बँकेत नोंदलेले नावच दिसले पाहिजे, असे बंधन आहे. दुकानाचे नाव एक आणि पडद्यावर अनोळखी व्यक्तीचे नाव दुसरे, असे दिसले तर पैसे पाठवू नयेत. समाजमाध्यमांवर सुंदर साड्यांचे फोटो टाकून "आधी पैसे पाठवा, सूट मिळेल" म्हणणाऱ्यांचा मार्ग बहुधा हाच असतो. ओळख नसलेल्या व्यक्तीच्या खात्यात आपण स्वतः पाठवलेले पैसे परत मिळवणे फार अवघड असते. त्या मानाने मोठ्या विक्री-संकेतस्थळावर, त्याच्याच मार्गाने दिलेल्या पैशाला ऑर्डर क्रमांक जोडलेला असतो, म्हणजेच नोंद असते. विक्रेता "बाहेरून पैसे द्या, स्वस्त पडेल" म्हणाला तरी त्या मार्गाला जाऊ नये.

पैसे कापले, पण ऑर्डर झाली नाही

ही स्थिती नेटवर्क मध्येच तुटल्यामुळे येते. पुष्कळदा माणूस घाबरून लगेच दुसऱ्यांदा पैसे भरतो. तसे करू नये. प्रथम बँकेचा संदेश आणि खात्याचा उतारा पाहावा. यूपीआयचा बारा अंकी संदर्भ क्रमांक वहीत लिहून ठेवावा, पडद्याचा फोटो घ्यावा.

रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ रोजी याविषयी परिपत्रक काढले. त्यानुसार दुकानदाराला केलेल्या यूपीआय व्यवहारात किंवा कार्डाच्या ऑनलाइन व्यवहारात आपले पैसे कापले गेले पण विक्रेत्याकडे पुष्टी पोहोचली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत ते आपोआप परत यावे लागतात. त्यापुढील प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई ठरवलेली आहे. एका व्यक्तीकडून दुसऱ्या व्यक्तीकडे पाठवलेल्या यूपीआय रकमेसाठी ही मुदत एक दिवसाची आहे. हे पैसे परत येण्यासाठी कोणाला फोन करावा लागत नाही. इंटरनेटवर ग्राहक सेवेचा नंबर शोधून फोन लावणे हे तर सर्वांत धोक्याचे, कारण तेथे भामट्यांनी आपले नंबर पेरून ठेवलेले असतात. नंबर घ्यायचा तो कार्डाच्या मागील बाजूचा, पासबुकावरील किंवा अॅपमधील.

पत्त्याच्या निमित्ताने होणारी फसवणूक

पत्ता आणि पैसा या दोन अडचणी जेथे एकत्र येतात तेथे भामट्यांचे दुकान थाटलेले असते. फोनवर संदेश येतो : "आपले पार्सल गोदामात आले आहे, पत्ता अपूर्ण असल्याने परत जाईल, खालील दुव्यावर पत्ता दुरुस्त करा." दुवा उघडला की पत्ता विचारतात आणि शेवटी दुरुस्तीसाठी किरकोळ रक्कम भरायला सांगतात. रक्कम क्षुल्लक असते, पण त्यासाठी दिलेला कार्डाचा तपशील त्यांना हवा असतो. डाक खात्याच्या नावाने फिरणारा असा संदेश खोटा असल्याचे केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाने २०२४ साली जाहीर केले होते.

ज्याने खरोखर काही मागवले आहे, ज्याला आपला पत्ता कच्चा असल्याची धास्ती आहे, तोच या जाळ्यात सापडतो. आपला पत्ता पक्का असेल, तर असा संदेश आल्यावर मन डगमगत नाही. पत्ता नीट लिहिण्याचा हा दुसरा आणि मोठा लाभ. असा संदेश आल्यास दुव्याला हात लावू नये. ज्या अॅपवर मागणी नोंदवली ते स्वतः उघडून पार्सलची स्थिती पाहावी.

ओटीपीबाबतही असाच विवेक हवा. काही कुरिअर पार्सल देताना दारात ओटीपी मागतात. तो पार्सल हातात आल्यावर, शक्य तर उघडून पाहून, मगच सांगावा. पण फोनवरून मागितला जाणारा ओटीपी देऊ नये. संदेश पूर्ण वाचावा. त्यात रकमेचा किंवा बँकेचा उल्लेख असेल तर तो पार्सलचा ओटीपी नव्हे.

परदेशातील नातेवाईक

आपली काही मुले-मुली आता अमेरिकेत व आखातात आहेत. ती तेथून वस्तू पाठवतात तेव्हा दोन पत्त्यांची गल्लत होते. एक बिलाचा पत्ता, दुसरा वस्तू पोहोचवण्याचा. अमेरिकेतील विक्रेते बिलाच्या पत्त्यातील घरक्रमांक आणि तेथील झिप कोड कार्डधारकाच्या बँकेतील नोंदीशी जुळवून पाहतात. तेथे माहीमचा पत्ता लिहिला तर व्यवहार नाकारला जातो. बिलाचा पत्ता कार्डधारकाचा स्वतःचा, पोहोचवण्याचा पत्ता आपला, असे त्यांना कळवावे. पार्सलवरील नाव आपल्या ओळखपत्रावर आहे तसेच असावे, कारण सीमाशुल्कासाठी कुरिअर ओळखीचा पुरावा मागते. आणखी एक गोष्ट : डिसेंबर २०१९ मध्ये सरकारने पोस्टाने किंवा कुरिअरने "भेट" म्हणून मागवलेल्या मालाची सवलत काढून घेतली, अपवाद जीवरक्षक औषधांचा व राखीचा ठेवला. तेव्हा भेटवस्तूवरही शुल्क लागू शकते हे गृहीत धरावे. परंतु "सीमाशुल्कात पार्सल अडकले, खात्यात पैसे भरा" असा अनोळखी फोन आला तर तो निखालस खोटा समजावा.

दाद कोठे मागावी

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आणि त्याखालील २०२० चे ई-कॉमर्स नियम आपल्या बाजूने आहेत. नियमांनुसार संकेतस्थळावर कंपनीचे नाव, पत्ता आणि तक्रार अधिकाऱ्याचे नाव असलेच पाहिजे. त्या अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यावी आणि एक महिन्यात निवारण करावे. सदोष, बनावट किंवा जाहिरातीप्रमाणे नसलेली वस्तू परत घेण्यास विक्रेता नकार देऊ शकत नाही. ज्या संकेतस्थळावर हे नाव-पत्तेच नाहीत तेथून खरेदी करू नये. आपण आपला पत्ता देतो, मग त्याचाही पत्ता मागावा!

पुढील क्रम लक्षात ठेवावा :

१. प्रथम विक्रेत्याच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार.

२. तेथे न भागल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, फोन १९१५.

३. फसवणूक होऊन पैसे गेले असल्यास वेळ न दवडता फोन १९३०, आणि त्याच वेळी आपल्या बँकेला कळवणे. रक्कम पुढच्या खात्यात जाण्यापूर्वी गोठवता आली तरच ती वाचते.

४. बँकेने ३० दिवसांत समाधान केले नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. त्याला शुल्क नाही.

५. शेवटी जिल्हा ग्राहक आयोग. विक्रेता कोठलाही असो, आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही.

१९१५ आणि १९३० ही सालांसारखी दिसणारी दोन टेलिफोनची नावे-निशाणी घरातील दिनदर्शिकेवर ठळक लिहून ठेवावी. तक्रारीसाठी ऑर्डर क्रमांक, पैसे दिल्याची नोंद, पार्सल उघडतानाचे चित्रीकरण आणि विक्रेत्याशी झालेला संवाद जपून ठेवावा. तोंडी सांगणे टिकत नाही, कागद टिकतो.

मंडळाच्या पातळीवर

हे सारे वाचून ज्येष्ठांनी फोन बाजूला ठेवावा असे आमचे म्हणणे मुळीच नाही. अंतर राहिले आहे ते माहितीचे, आणि ते विद्यार्थ्यांना सहज मिटवता येण्यासारखे आहे. प्रत्येक विद्यार्थ्याने या महिन्यात दोन घरांत जावे. तेथील फोनमधील पत्ता तपासावा, जुना पत्ता काढावा, पिनकोड बरोबर आहे ना ते पाहावे, कार्डाची मर्यादा लावून द्यावी आणि आजीला दोन पिनांमधला फरक समजावून सांगावा. तिचा यूपीआय पिन मात्र त्यानेही विचारू नये. अर्ध्या तासाचे हे काम आहे. त्यात एखाद्या कुटुंबाची महिन्याची कमाई वाचली, किंवा एखाद्या मुलीचे पुस्तक परीक्षेपूर्वी तिच्या हाती पडले, तर या पानांचे सार्थक झाले असे आम्ही मानू.